मदत हवी आहे : पाठदुखीच्या मोफत तपासणीत स्वयंसेवकांनी मराठीत नेमकं काय आणि कसं विचारावं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

मी मूळची कराडची. फिजिओथेरपी तिकडेच केली. नवऱ्याच्या बदलीमुळे अमेरिकेत आयोवा राज्यात डॅव्हनपोर्टला आले. पुण्याच्या जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीतून इकडे मोलीनला येणारी बरीच मराठी कुटुंबं आहेत, त्यातलेच आम्ही. मिसिसिपीच्या या काठाला आयोवा, पलीकडे मोलीन म्हणजे इलिनॉय. कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातांनी मणके हाताळून उपचार करण्याची पद्धत, जन्मली ती डॅव्हनपोर्टमध्येच. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये इथे पहिला रुग्ण हाताळला आणि १८९७ मध्ये कॉलेज काढलं. त्या पहिल्या रुग्णाचं बहिरेपण गेलं, अशी गोष्ट सांगतात. मी ती रुग्णांना सांगत नाही. मणके हाताळून कान बरे होतात असं मी मानत नाही. कंबर आणि मान, एवढंच माझं काम.

इथे कायरोप्रॅक्टिकचं शिक्षण पूर्ण केलं, राष्ट्रीय परीक्षेचे चारही भाग दिले, परवाना घेतला आणि दोन खोल्यांचं क्लिनिक सुरू केलं. त्याला आता तीन वर्षं होतील. या व्यवसायात सल्ला देणारे सांगतात की पहिल्याच भेटीत एक्स-रे काढा आणि चाळीस भेटींचं पॅकेज आगाऊ विका. मला ते करायचं नाही. नुकतीच धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत सुटतेच. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या सूचनांत औषधांच्या आधी शेक, मसाज, मणक्याची हाताळणी असे उपाय सुचवलेत, आणि हाताळणीचा पुरावा फार भक्कम नाही हेही त्यातच लिहिलंय. मी लोकांना दोन्ही सांगते. त्यामुळे पैसा हळू येतो, पण माणसं परत येतात आणि आपल्या माणसांना घेऊन येतात.

महिन्यातल्या एका शनिवारी मोफत तपासणी ठेवते. येतात ते मुख्यतः मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. त्यांच्या प्रवासी विम्यात जुनी दुखणी सहसा बसत नाहीत. मुलाला खर्च नको म्हणून ही माणसं कळ सोसत बसून राहतात. आपली भाषा बोलणारं कुणी हात लावून बघतंय, एवढ्यानेच त्यांच्या चेहऱ्यात फरक पडतो. एक आजी दर वेळी विचारतात, "पोरी, तू पायाळू आहेस का गं?" उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलंय.

आता मूळ प्रश्न. मागच्या श्रावणात सांगलीकडचे एक आजोबा आले, वय ७१. नोंदणीच्या टेबलावर आमची एक स्वयंसेवक मुलगी फॉर्म भरत होती. तिने विचारलं, "लघवी-संडासवर ताबा आहे ना?" शेजारी सून उभी. आजोबा म्हणाले, "हो हो." तिने खूण केली आणि त्यांना रांगेत बसवलं.

माझ्यापर्यंत यायला चाळीस मिनिटं गेली. ते खोलीत आले तेव्हा उजव्या पायात चप्पल नव्हती. ती दाराशीच सुटून पडली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी मुलाला बाहेर पाठवलं, स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. मग हळूच म्हणाले, "काल रात्रीपासून लघवी झालीच नाही, बाळ. ओटीपोट दगडासारखं झालंय." अंगठा वर उचलायला सांगितला तर उचलेना. मी कंबरेला हातही लावला नाही. सरळ इमर्जन्सीला नेलं. पाय आणि लघवी-संडास सांभाळणाऱ्या खालच्या नसांच्या जुडग्यावर मणक्यांमधली गादी दाबून बसली होती. त्याच रात्री ऑपरेशन झालं. आज ते गावी आहेत, काठी घेऊन हिंडतात. लघवी सुरळीत व्हायला अडीच महिने लागले.

ती चाळीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्या मुलीचा दोष नाही, ती जीव लावून काम करते. मी तिला कागद दिला, शिकवलं नाही. सेवा करायची असेल तर आधी शिकवायला हवं, हे मला उशिरा कळलं.

म्हणून विचारते. हे प्रश्न मराठीत कोणत्या शब्दांत विचारावेत, की म्हातारं माणूस लाजणार नाही आणि खरं सांगेल? वैद्यकीय प्रशिक्षण नसलेल्या स्वयंसेवकांना दोन-तीन तासांत कसं तयार करावं? आणि इकडच्या नियमांची माहिती असणाऱ्यांनी, मोफत सेवेत माझं काही चुकत असेल तर सांगावं.

---

सुईदोरा

मिरजेत हाडांच्या वॉर्डात १९ वर्षं नर्स आहे. ताई, "ताबा" हा शब्द आधी काढून टाका. ताबा सुटणं म्हणजे कपड्यात होणं, असंच लोकांना वाटतं. ज्याची लघवी तुंबलीय त्याला वाटतं, आपल्याला ताबा आहेच की! आजोबा खोटं बोलले नाहीत.

हो-नाही उत्तर येईल असा प्रश्नच नको. "शेवटची लघवी किती वाजता झाली?" असं विचारा. मग "धार नेहमीसारखी आहे का थेंब थेंब होते? पोट मोकळं झाल्यासारखं वाटतं का?" आणि बधिरपणासाठी, "सायकलच्या सीटवर आपला जो भाग टेकतो, तिथं मेल्यासारखं वाटतं का?" बायकांना आम्ही विचारतो, "संडासला गेल्यावर धुताना पाणी लागलेलं कळतं का?" याचं उत्तर लगेच मिळतं. बधिर हा शब्द आमच्याकडे कितीतरी जण फक्त कानाला लावतात, तेव्हा नुसता तो शब्द वापरू नका.

---

वडाची_पारंबी

मीही फिजिओ, नाशिक. चपलेचं तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला. तोच प्रश्न फॉर्मवर घ्या : "चालताना चप्पल नकळत पायातून निसटते का?" इथे घोटा-अंगठा कमजोर झालेल्या निम्म्या लोकांची पहिली तक्रार चपलेची असते. स्वयंसेवकांना एक गोष्ट करून बघता येईल : भिंतीला हात लावून टाचांवर चार पावलं चालायला सांगायचं, बाजूला एकाने आधाराला उभं राहायचं. पंजा वर राहिला नाही तर रांग नाही, सरळ तुमच्याकडे.

शिकवताना व्याख्यान नको. स्वयंसेवकांनाच रुग्ण करा. एकाच्या कानात सांगा, "तुला लघवी होत नाही, पण सून शेजारी आहे," आणि दुसऱ्याला त्याच्याकडून ते काढून घ्यायला लावा. पहिल्या फेरीत कुणालाच जमत नाही, तिसऱ्या फेरीत जमतं. सोबतच्या माणसाला चहाच्या टेबलाकडे पाठवायचं कामही एकाकडे नेमून द्या, ते आपोआप होत नाही.

आणि पडल्याचं विचारा, पण "पडलात का" असं नको, म्हातारी माणसं नाहीच म्हणतात. "न्हाणीत पाय घसरला होता का?" असं विचारलं की सांगतात. ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, उतरलेलं वजन, पूर्वीचा कॅन्सर, हेही घ्या. मान मात्र शिबिरात अजिबात मोडू नका. पूर्वी कधी झाली नाही अशी मानदुखी किंवा डोकेदुखी, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं असेल तर ती रक्तवाहिनी फाटल्याची खूण असू शकते.

---

उंबरठा

न्यू जर्सीत हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम करते. स्वयंसेवकांना हे पाठच करून द्या : १९८६ च्या कायद्याप्रमाणे मेडिकेअर (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्य विमा) घेणाऱ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला विमा असो नसो, पैसे असोत नसोत, तपासावंच लागतं आणि जिवावरचं संकट आधी आवरावंच लागतं. बिल नंतर येतं, पण ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवणं बंधनकारक आहे. तो अर्ज मागून घ्यायचा. "मुलाला भुर्दंड नको" म्हणून माणसं घरी बसतात, तिथे हे एक वाक्य उपयोगी पडतं.

तुमच्यासाठी : मेडिकेअरवाल्यांना त्यांनी स्वतः भरायचा बिलातला वाटा सरसकट माफ करू नका, गरज बघून, नोंद ठेवून एकेकाला करता येते. भेटवस्तू एका वेळी १५ डॉलर आणि वर्षाला ७५ डॉलरच्या आत, रोख नाही. मेडिकेअर कायरोप्रॅक्टरला फक्त मणक्याच्या हाताळणीचे पैसे देतं, तेही सुधारणा होत असेल तोवरच. तेव्हा मोफत शनिवारी हाताळणी करूच नका, तपासणी आणि सल्ला एवढंच ठेवा. आणि पूल ओलांडून मोलीनला शिबिर घेणार असाल तर इलिनॉयचा परवाना वेगळा लागतो.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सुईदोरा, "शेवटची लघवी किती वाजता" हे वाचलं आणि उठून लगेच जुना फॉर्म फाडला. इतकी वर्षं मीही "ताबा"च विचारत आले होते.

उंबरठा, शनिवारी हाताळणी त्या घटनेपासून बंदच केली आहे. इलिनॉयचा अर्ज भरलाय. परवाना येईपर्यंत गणपतीत मोलीनच्या हॉलमध्ये फक्त बसण्या-उठण्याबद्दल बोलणार, कुणाला तपासणार नाही.

येत्या रविवारी सहा स्वयंसेवकांची तालीम ठेवलीय. त्या मुलीला मी स्वतः फोन केला, ती यायला कचरत होती. तिने एकच अट घातली : आजोबांची भूमिका तिला हवी.

अजून एक मदत. पुढच्या शनिवारी अकोल्याच्या एक आजी आणि मालवणचं एक जोडपं येणार आहे. वऱ्हाडात आणि मालवणीत पाय बधिर होण्याला, मुंग्या येण्याला घरात काय म्हणतात, ते कुणी सांगेल का? फॉर्मवर तेच शब्द लिहायचेत.