'अधिवास' की 'निवास'? अमेरिकेतल्या आदिवासी न्यायालयांच्या संदर्भात

प्रश्न : अमेरिकेतल्या आदिवासी मुलांच्या ताब्याच्या खटल्यांवर मराठीत लिहिते आहे. 'डोमिसाईल'साठी 'निवास' चालेल का? आणि 'ट्रायबल कोर्ट'ला 'जातपंचायत' म्हणावं का?

उत्तर : 'निवास' अजिबात नको, 'अधिवास'च लिहा. 'निवास' म्हणजे प्रत्यक्ष राहणं, 'अधिवास' म्हणजे कायद्याने मानलेलं कायमचं घर. 1978च्या इंडियन चाइल्ड वेल्फेअर कायद्यानुसार (आदिवासी मुलांच्या कल्याणाचा अमेरिकी कायदा) जमातीच्या राखीव प्रदेशात निवास किंवा अधिवास असलेल्या मुलाला दत्तक द्यायचं, तर तो निर्णय फक्त जमातीच्या न्यायालयाचा. पण अधिवास कशाला म्हणायचं, हे कायद्यात दिलेलं नाही. मिसिसिपीतल्या चोक्टॉ जमातीच्या एका अविवाहित जोडप्याची जुळी मुलं राखीव प्रदेशापासून सुमारे 320 किलोमीटर दूर जन्मली. आईबापांच्या संमतीने राज्याच्या न्यायालयाने ती लगेच दत्तकही दिली. मुलांनी त्या भूमीवर पाऊल ठेवलेलं नव्हतं, म्हणजे 'निवास' शून्य. तरीही 1989मध्ये अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आईचा राखीव प्रदेशातला अधिवास तोच बाळांचा. राज्याला अधिकारच नव्हता! मुलं तेव्हा तीन वर्षांची झाली होती. पुढे जमातीच्या न्यायालयाने त्यांना दत्तक आईकडेच राहू दिलं, हेही लिहा. नाहीतर वाचकाला वाटेल की मुलं ओढून नेली.

आपल्याकडच्या डोमिसाईल दाखल्यात राहिल्याची वर्षं मोजतात, ती कल्पना इथे आणू नका.

आणि 'जातपंचायत' मुळीच नको. महाराष्ट्रात तो शब्द वाळीत टाकण्याशी जोडला गेलाय, तर ही न्यायालयं अमेरिकी कायद्याने मान्य केलेल्या जमातींच्या सरकारांची आहेत. 'जमातीचं न्यायालय' साधं आणि अचूक आहे.

प्रश्न : मग नवराबायकोच्या घटस्फोटातही हाच कायदा?

उत्तर : नाही, इथे बरेच जण फसतात. घटस्फोटात ताबा आई किंवा वडिलांकडे जात असेल, तर तो 1978च्या कायद्याबाहेर. म्हणून राज्याचं आणि जमातीचं, अशी दोन्ही न्यायालयं आपापला हुकूम देऊ शकतात आणि पोराची ओढाताण होते. अलास्कात विभक्त जोडप्याच्या अशाच वादात, 1999च्या जॉन विरुद्ध बेकर निकालात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की स्वतःच्या सदस्यांच्या मुलांचा ताबा ठरवण्याचा अधिकार जमातीला मुळातच आहे आणि राज्याने तिच्या निकालाची 'सौजन्याने' दखल घ्यावी. 'कॉमिटी'साठी, म्हणजे एका न्यायालयाने दुसऱ्याच्या निकालाचा मान राखण्यासाठी, मी 'न्यायालयीन सौजन्य' वापरते. 'मेहेरबानी' किंवा 'सवलत' लिहिलंत तर जमात राज्याच्या हाताखालची ठरते, आणि तेच त्या निकालाने नाकारलंय.