जानेवारीची फुल मॅरेथॉन, तीन आठवडे उरले: किलोमीटर कसे उतरवायचे?

भाट्येकर
मुंबईची फुल, तीन आठवडे हातात. आठवड्यातून चार दिवस पळणं: मंगळवारी इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोरात पळायचे तुकडे), गुरुवारी टेम्पो (सलग, जरा जोरात), शनिवारी हलकं, रविवारी लांब. सगळ्यात मोठा आठवडा ६० किमीचा, कालच ३२ झाले. वजन ६० किलो, लक्ष्य साडेचार तास. टेपर, म्हणजे शर्यतीआधी पळणं कमी करत जाणं, दोन आठवड्यांचा की तीन? शेवटच्या आठवड्यात पूर्ण विश्रांती घेतली तर? आणि इथे रत्नागिरीकडचे काही जण म्हणतात, रस्ता सोडा, पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) पळा, पायांना मऊ पडतं. खरं का?

सड्यावरचा
काल ३२ झालेत, तेव्हा तीन आठवडे धरा, पण पहिला नावापुरताच. या आठवड्यात ४५ ते ४८ किमी. रविवारी २०, त्यातले शेवटचे ८ मॅरेथॉनच्या वेगाने. साडेचार तासांचा हिशेब किलोमीटरला ६:२४ असा येतो. पुढच्या आठवड्यात ३५ च्या आसपास, रविवारी १२ ते १४. शर्यतीच्या आठवड्यात शर्यत सोडून १५ ते १८, बस.

कापायचं ते अंतर. वेग कापायचा नाही, दिवसही नाहीत. ६ × ८०० मीटर करत असाल तर ३ × ८०० करा, वेग तोच, मधली विश्रांती तेवढीच. बहुतेकांचं इथेच चुकतं: अंतर तेवढंच ठेवतात आणि सगळं रमतगमत पळतात. मग थकवाही उतरत नाही आणि पायांची लयही जाते. पूर्ण आठवडा बसून राहिलात तर पाय जड होतात, शिवाय रक्तातलं द्रवाचं प्रमाण घटू लागतं. त्या आठवड्यात बुधवारी ५-६ किमी, त्यातले ३ किमी ६:२४ ने. शनिवारी वाटलं तर २ किमी आणि २०-२० सेकंदांच्या चार धावा, नाहीतर नको. जड स्क्वॉट आणि लंजेस (वजन घेऊन करायचे पायांचे व्यायाम) दहा दिवस आधीच बंद.

ओहोटी
पुळणीचं उत्तर: आता नको. ओहोटीची ओली पुळण घट्ट असते खरी, पण समुद्राकडे उतरती. एका दिशेने जाताना समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. कोरड्या पुळणीत टाच रुतते, पोटरी आणि टाचेमागची शीर नको तेवढी ताणली जाते. वर्षभर पुळणीवर पळणाऱ्याची गोष्ट वेगळी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आरे-वारेच्या किनारी रस्त्याचे उतार. चढ एकवेळ चालेल, पण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताण पेलत लांबतो, त्याचे तंतू दुखावतात. दुखणं दोन-तीन दिवसांत थांबतं, ताकद भरून यायला त्याहून जास्त वेळ लागतो. शेवटचे दहा दिवस एखादा सपाट तुकडा पकडून त्यावरच फेऱ्या मारा. कंटाळा येईल, येऊ दे.

पेजवाली
किलोमीटर कमी झाले म्हणून जेवण कमी करू नका, विशेषतः शेवटच्या दोन दिवसांत. वजनाच्या दर किलोमागे ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ६० किलोला दिवसाला निदान ४८० ग्रॅम. ताटात ते असं दिसतं: पाव किलो तांदळाचा भात किंवा पेज (साधारण २००), चार केळी (१००), १०० ग्रॅम पोहे (७५), ३०० ग्रॅम बटाटा (५०), उरलेली साखर कोकम सरबतातून. नुसत्या भातावर भागवायला गेलात तर पोट फुगेल.

नाचणी, कुळीथ, काजूची उसळ चांगलीच, पण शुक्रवार-शनिवारी नको. तंतुमय पदार्थ आणि डाळी शर्यतीत पोटात गडबड करतात. तिसऱ्या आणि कालवं (शिंपल्यातली मासळी) तर संपूर्ण आठवडा बंद. सोलकढीत नारळाचा रस, तीही शनिवारी राहू दे. काटा किलो-दीड किलो वर जाईल. ती चरबी नव्हे: शरीरात साठवलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (कर्बोदकांचा साठा) सुमारे ३ ग्रॅम पाणी बसतं.

भाट्येकर
आभार, हिशेब कळला. टेपरमध्ये म्हणे नसलेली दुखणी जाणवतात. खरं दुखणं कसं ओळखायचं?

सड्यावरचा
आज पोटरी, उद्या नडगी, असं फिरतं दुखणं सोडून द्या. एका बोटाने दाखवता येईल अशी हाडावरची जागा दुखत असेल, किंवा दुखण्यामुळे पाऊल टाकायची पद्धत बदलत असेल, तर पळणं थांबवून डॉक्टर गाठा. वेदनाशामक गोळी घेऊन शर्यत पळू नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात.

ओहोटी
बिब (छातीवर लावायचा क्रमांक) शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, म्हणून शुक्रवारीच मुंबई गाठा, जमलं तर दिवसाच्या गाडीने. शनिवारी रात्री झोप तशीही नीट लागत नाही, त्यामुळे शुक्रवारची रात्र गाडीत घालवू नका. बिब घेतला की बाहेर पडा, स्टॉल बघत दोन-तीन तास उभं राहण्याची किंमत परतीच्या वाटेवर ३५ किमीच्या पुढेमागे, पेडर रोडच्या चढावर वसूल होते.