१८६५० वाल्या छोट्या बॅटरीत एलईडी बदलायचीय, कुठली बसेल?

डाळिंबवाला_मोहोळ
नमस्कार मंडळी. राहायला सोलापुरात, बाग मोहोळकडं. ज्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात मोटर चालू करायला आणि व्हॉल्व फिरवायला रात्री जावंच लागतं. हातात एक छोटी अॅल्युमिनियमची बॅटरी आहे, एक १८६५० सेल (चार्ज होणारा गोल लिथियम सेल) लागतो, बॉडी एकदम दणकट, टाकून द्यायला जीव होत नाही. पण उजेड असला निळसर पांढरा की वाळला पाला, माती, ठिबकची नळी सगळं एकाच रंगाचं दिसतं, आणि आमच्याकडं घोणस निघते त्यामुळं हा काही हौसेचा विषय नाही.
खोलून बघितली. आत १६ मिमीची गोल प्लेट, त्यावर ५ मिमीची चौकोनी एलईडी, गुळगुळीत रिफ्लेक्टर, मागं ड्रायव्हरवर (एलईडीला करंट देणारी सर्किटची प्लेट) ७१३५ लिहिलेल्या ३ चिपा. नवी पेठेत विचारलं तर ती दोन पायांची वर घुमट असलेली ३ वॉटवाली दाखवतात, ती बसेना. ऑनलाईन एक्सएचपी७० नावाची एलईडी दिसतेय, लुमेन (उजेडाचं माप) तर विचारू नका. ती टाकू का?

कथिल_आणि_चहा
एक्सएचपी७० विसरा मालक. ती ६ नाहीतर १२ व्होल्टवर चालते, तुमचा सेल फुल चार्ज केला तरी ४.२. व्होल्टेज चढवणारा ड्रायव्हर घातल्याशिवाय ती पेटायचीच नाही, वर अंगानं ७ मिमी, तुमच्या रिफ्लेक्टरच्या भोकात शिरणार नाही.
चिपा मोजल्या हे बेस केलं. एक ७१३५ चिप ३५० मिलिअँप सोडते, तीन म्हणजे १.०५ अँप, आता पुढं कुठली पण भारी एलईडी लावा करंट तेवढाच. ३ व्होल्ट धरले तर ३ वॉटच्या आसपास, त्यात चांगल्या रंगाची एलईडी तीनशे-साडेतीनशे लुमेन देईल, बागेत फिरायला रग्गड झालं. खात्री करायची तर मागचं टोपण काढा, मीटर १० अँपवर, एक पिन सेलच्या मागं, दुसरी बॉडीच्या उघड्या कडेला, रंग असलेल्या जागी नको, आकडा समोर येतो.
म्हणून लुमेन सोडा आणि सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा. स्वस्त बॅटरीत ६५००के (के म्हणजे केल्विन, आकडा मोठा तेवढा उजेड निळसर) आणि सीआरआय ७० वगैरे असतो, लाल-तपकिरी रंग त्यात मरतात, आणि घोणशीच्या पाठीवरचे ठिपके नेमके तपकिरी. तुम्हाला ९० च्या वर पाहिजे, ४००० ते ५०००के. सॅमसंग एलएच३५१डी, निचिया ५१९ए, ल्युमिनस एसएसटी-२०, तिन्ही ३ व्होल्टच्या, तिन्ही ३५३५ साईझच्या म्हणजे साडेतीन मिमी. एसएसटी-२० चा उजेड देणारा भाग लहान, म्हणून झोत लांब जातो. एलएच३५१डी चा मोठा, पायाजवळ पसरतो. सापासाठी लांबचं काय करायचंय, मी असतो तर एलएच३५१डी किंवा ५१९ए, ४५००के च्या आसपास. पिवळसर उजेडावर पावसाळ्यात किडे पण जरा कमी येतात हे आपलं बोनस.

जुळे_सोलापूरकर
वरच्यांनी एलईडी सांगितली पण प्लेटचं राहिलं. तुमची ५ मिमीची आहे म्हणजे जुन्या प्लेटवर ३५३५ चे पॅड जुळणार नाहीत, तेव्हा १६ मिमीची तांब्याची प्लेट एलईडी बसवलेलीच मागवा. डीटीपी लिहिलेलं बघून घ्या, त्यात एलईडीचा मधला पॅड सरळ तांब्याला टेकतो, साध्या अॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये मध्ये इन्सुलेशनचा थर असतो आणि उष्णता तिथंच अडते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये रात्री पण बॉडी हाताला कोमट लागते, म्हणून सांगतोय. प्लेटखाली थर्मल पेस्ट पातळ लावा, भाकरीवर लोणी थापल्यासारखी नको.
दुसरं म्हणजे एलईडीभोवती, रिफ्लेक्टरच्या खाली बसते ती पांढरी प्लास्टिकची रिंग. जुनी रिंग मोठ्या एलईडीची आहे, नव्या साईझची वेगळी घ्या, दहा-वीस रुपयाची वस्तू पण ती नसली तर रिफ्लेक्टर सोल्डरला टेकून शॉर्ट होतो. झोताच्या मधोमध काळा डाग दिसला तर रिंगची जाडी चुकली समजा, पातळ-जाड करून बघायची.

काय_बे_सोलापूर
एवढा उपद्व्याप कशाला करलालास बे? डोक्याला लावायची बॅटरी घे, दोन्ही हात मोकळे. आणि गुडघ्यापर्यंत गमबूट घाल आधी, सीआरआय नंतर बघ.

डाळिंबवाला_मोहोळ
बूट आहेत ओ 😄 डोक्याची पण आहे, पण उजेड डोळ्याच्याच रेषेत येतो, सावली दिसत नाही, मग जमिनीवरचा उंचवटा कळत नाही. हातातली खाली कंबरेला धरली की बारीक काडीची पण सावली लांब पडते. म्हणून हीच पाहिजे.
५१९ए ४५००के तांब्याच्या प्लेटवर बसवलेली बघून ठेवली. वायरी सोडवून लावायला २५ वॉटचं सोल्डरिंग चालेल का?

कथिल_आणि_चहा
सावलीचं बरोबर बोललात. २५ वॉट रडवेल, तांबं सगळी उष्णता ओढून घेतं आणि कथिल नुसतं चिकटल्यासारखं दिसतं. ६० वॉटचं घ्या, प्लेट बॉडीत बसवायच्या आधी बाहेर लाकडावर ठेवून वायरी लावा, पॅडवर आधी थोडं कथिल चढवून घ्या. प्लस-मायनस प्लेटवर लिहिलेलं असतं, तरी मीटर डायोडवर ठेवून बघा, बऱ्याच मीटरवर एलईडी बारीक मिणमिणते. आणि पहिल्यांदा चालू करताना तोंड भिंतीकडं करा, डोळ्याकडं नको.