घरकुलातून दुरुस्ती होत नाही

गळकं छप्पर घरकुल योजनेतून नीट करून मिळेल का, या प्रश्नात थोडी भर घालतो. प्रधानमंत्री आवास (ग्रामीण) मधले मैदानी भागातले १ लाख २० हजार रुपये नव्या पक्क्या घरासाठीच असतात. जुन्या इंदिरा आवासमध्ये कच्च्या घराच्या दर्जावाढीसाठी १५ हजार मिळत. २०१५ च्या शहरी योजनेत स्वतःच्या घराच्या वाढीव बांधकामाला केंद्राचे दीड लाख होते, पण किमान ९ चौरस मीटर जागा वाढवावी लागे. एकट्या म्हातारीला फक्त वासे आणि पत्रे बदलायचे असतील तर तिने काय करायचं? हे फार खटकतं. तेवढ्यापुरता निधी पंचायत समितीकडे असायलाच हवा, आणि तो मे महिन्याच्या आत हातात पडायला हवा.