डोहाळजेवण म्हणजे फॅड? काल ते वाचून राहवलं नाही म्हणून हा धागा

इंदिरानगरची सून
काल इथे एका काकांनी लिहिलं की बाळ जन्माला यायच्या आधी कसले सोहळे करता, हे सगळं अमेरिकेतून आलेलं फॅड आहे, तेच पैसे बाळाच्या नावाने बँकेत टाका. खाली सगळे हो ला हो. मला रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. काका, डोहाळजेवण तुमच्या आजीचंही झालं असेल हो. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, ओटी, गाणी, यातलं काय अमेरिकेतून आलं? आणि नावातच बघा ना, डोहाळे कोणाला लागतात? बाईला. माझं सातवा लागल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्येच केलं, पस्तीस बायका होत्या. जाऊबाई पहाटे फुलबाजारात जाऊन निशिगंध आणि शेवंती घेऊन आल्या आणि दुपारपर्यंत सुईदोरा घेऊन बाजूबंद, कंबरपट्टा ओवत बसल्या, बोटाला सुई टोचली तरी उठल्या नाहीत. सहा महिने मला सगळ्यांनी फक्त रिपोर्ट विचारले होते, शुगर किती, बाळाचं वजन किती. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, तुला काय खावंसं वाटतंय गं. मी कैरी म्हटलं आणि रडायला लागले. तो दिवस माझा होता, तो फॅड म्हणून उडवून लावू नका.

जुना पंचवटीकर
ती पोस्ट माझीच. घरातल्या डोहाळजेवणाला मी कधीच नाही म्हटलं नाही, तुम्ही पूर्ण वाचलं नाहीत. मी बोलतोय ते गंगापूर रोडच्या लॉन्सवरच्या कार्यक्रमांबद्दल, तीनशे माणसं, ड्रोन, धुराच्या मशीन, नवरा-बायकोची स्टेजवर एंट्री. आमच्या पुतण्याने त्याच्यासाठी दोन लाखांचं पर्सनल लोन काढलं. पुढे सिझर झालं, बाळाला आठ दिवस काचेत ठेवावं लागलं, तेव्हा हॉस्पिटलच्या काउंटरवर भरायला त्याच्याकडे काही नव्हतं. माझी एफडी मोडली मी. मोडली त्याचं दुःख नाही, बाळ सुखरूप आहे. पण तो मुलगा त्या जिन्यात माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता ते मी विसरणार नाही.

आनंदवल्ली
त्या लॉन्सचं नाव काढलंत म्हणून सांगतो, संध्याकाळी सातनंतर आमच्या गल्लीतून गाडी बाहेर काढता येत नाही, दोन्ही बाजूंनी पार्किंग आणि डीजे. वडिलांना छातीत दुखत होतं तेव्हा रिक्षा मेन रोडपर्यंत यायला वीस मिनिटं लागली. लग्न असो की डोहाळजेवण, आधी हे बंद करा.

इंदिरानगरची सून
दादा तुमचा त्रास खरा आहे पण त्याच्यासाठी वेगळा धागा काढा ना.

नाव नको
मी सहसा लिहीत नाही. आमचं सातव्यात थाटात झालं आणि आठव्यात बाळाचे ठोके थांबले. मी रिकाम्या हाताने घरी आले. त्यानंतर दोन आठवड्यांनी कुरिअरवाला दारात, डोहाळजेवणाचा अल्बम. सही करून घेतला मी. तो अजून माळ्यावर आहे, वरची पिशवीसुद्धा काढलेली नाही. भाजी आणायला गेलं की कार्यक्रमाला आलेली एकेक बाई भेटायची आणि विचारायची, काय झालं, मुलगा का मुलगी? दुसऱ्या वेळी आईशिवाय कोणालाच सांगितलं नाही. म्हणून माझं मत, बाळ हातात येईपर्यंत काही करू नये.

सिडको
ताई, माझीही गेली, साडेआठ महिन्यांची. पण माझ्याकडे तिची आठवण म्हणून तो एकच फोटो आहे, झोपाळ्यावरचा, पोटावर हात ठेवलेला. डोहाळजेवण केलं नसतं तर ती होती हेच कोणाला कळलं नसतं. तुमचं चूक म्हणत नाही. माझ्या कपाटात तो समोरच लावलेला आहे एवढंच.

आडगाव नाका
करा नाहीतर नका करू पण ते पेढा-बर्फी बंद करा आधी.

मेरीजवळ
अहो तो खेळ आहे. पेढा निघाला की मुलगा, बर्फी निघाली की मुलगी, सगळे हसतात, संपलं. प्रत्येक गोष्टीत काय काढायचं.

आडगाव नाका
खेळ? मी झाकलेली वाटी उघडली, बर्फी निघाली. गाणी म्हणणाऱ्या बायका गप्प झाल्या. सासूबाई म्हणाल्या, असू दे, ती नीट झाकली नव्हती, दुसऱ्यांदा उचल. वीस बायकांसमोर दुसऱ्यांदा उचलायला लावली, आणि पेढा निघाल्यावर टाळ्या. माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिला हे सांगायची माझी हिंमत नाही.

कोर्टाजवळचा
म्हणूनच इथे कायदा कडक आहे. महाराष्ट्राने 1988 लाच गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, देशाचा 1994 ला आला, पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. अमेरिकेत ते केक कापून गुलाबी की निळा बघतात ना, 2008 पासून पसरलेलं खूळ, ते आपल्याकडे होऊच शकत नाही. 2020 ला कॅलिफोर्नियात तशाच कार्यक्रमातल्या धुराच्या फटाक्याने जंगल पेटलं आणि आग विझवणारा एक जवान गेला.

मेरीजवळ
वाटी उचलायला सोनोग्राफी लागते का? कायद्याचा इथे काय संबंध? एका सासूमुळे सगळ्यांची मजा घालवायची?

आडगाव नाका
एक सासू नाही हो. पेढ्याला टाळ्या आणि बर्फीला "लक्ष्मी आली" असं समजावणीच्या सुरात, हे तुम्ही कधीच ऐकलं नाही म्हणता? खोटं बोलू नका.

मेरीजवळ
खोटं कोण बोलतंय, तोंड सांभाळून बोला. मला दोन मुलीच आहेत आणि दोघींच्या वेळी बर्फीच निघाली होती आणि माझ्या घरात नाचले होते सगळे.

रविवार कारंजा
भांडताय तर अजून एक ऐका. माझे वडील मी कॉलेजला असताना गेले. माझ्या डोहाळजेवणाला आईने खण, नारळ, तांदूळ, हळकुंड सगळं स्वतः आणलं आणि ओटी भरायची वेळ आली तेव्हा ती किचनमध्ये मसालेभात ढवळत होती. कोणी जा म्हटलं नव्हतं, ती स्वतःहूनच गेली. मे 2022 ला कोल्हापूरकडच्या हेरवाडने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना परिपत्रक काढलं, आपण नाशिकसारख्या शहरात राहून अजून तिथेच. धाकट्या बहिणीच्या वेळी मी आईचा हात धरून बाहेर आणलं आणि पहिली ओटी तिलाच भरायला लावली. दोन आत्या न जेवता गेल्या. जाऊ देत.

मेरीजवळ
हे मात्र पटलं. माझ्या मोठ्या नणंदेला मूल नाही, तिला आम्ही मागेच बसवलं होतं. तेव्हा लक्षात पण आलं नाही.

पेठ तालुका, अंगणवाडी
आमच्याकडे अंगणवाडीतच गरोदर बाईची ओटी भरतात, पोषण अभियानातला कार्यक्रम असतो. खर्च म्हणाल तर नारळ, फुलं आणि शेंगदाण्याचे लाडू. लोहाची गोळी रोज एक, 180 दिवस घ्यायची असते, पण मळमळतं म्हणून बाया गोधडीखाली लपवतात. एकट्या बाईला सांगून उपयोग होत नाही. ओटीच्या दिवशी सासू, नवरा सगळे समोर असतात, तेव्हा सांगितलं की घरचे लक्ष ठेवतात. सरकारच्या अमृत आहार योजनेचं गरम जेवण घ्यायला पण मग सासूच पाठवते. सोहळा बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

जुना पंचवटीकर
ताई, हे मला माहीत नव्हतं. ठीक आहे, फॅड हा शब्द मी मागे घेतो. पण लॉन्स आणि कर्जाबद्दल बोललो ते एक अक्षर मागे घेणार नाही. भाचीला पुढच्या महिन्यात सातवा लागतोय, घरीच करू म्हणतो, पंधरा-वीस बायका. इंदिरानगर, तुमच्या जाऊबाई फुलं कोणत्या वेळेला आणायला गेल्या होत्या?

इंदिरानगरची सून
पाचच्या आत पोचा काका, उजाडल्यावर ताजी राहत नाहीत. शेवंती थोडी जास्त घ्या, ओवताना तुटते. आणि भाचीला आधी विचारा तिला काय खावंसं वाटतंय.

आडगाव नाका
आणि वाट्या मांडू नका.