साठीनंतरची लगीनघाई : तुमच्या घरातले अनुभव लिहा

मधली_सून :

गेल्या फेब्रुवारीत आमच्या सासूबाईंचं लग्न झालं. हो, बरोबर वाचलंत, सासूबाईंचं. वय ६६. सासरे जाऊन अकरा वर्षं झालीत. नवरदेव ७० चे, बँकेतून रिटायर, सकाळच्या हास्यक्लबातली ओळख. मला पत्ता लागला तो डब्यामुळे. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून आमच्याकडे गुळाच्या पोळ्या मोजून होतात, त्या संक्रांतीला (लग्नाच्या आदल्या वर्षीच्या) वीस केल्या आणि संध्याकाळी बघते तर सोळाच. नवऱ्यावर आळ घेतला, पोराला दम दिला, दोघंही शपथा घेतायत. चौथ्या दिवशी आमचाच छोटा स्टीलचा डबा ओट्यावर, घासून लख्ख, आणि आत तिळाच्या वड्या, इतक्या वाकड्यातिकड्या की कुणीतरी आयुष्यात पहिल्यांदाच थापल्या असणार. डबा रिकामा परत करू नये हे ज्या पुरुषाला कळतं त्याला मी तिथेच मनातल्या मनात पास करून टाकलं.

नवरा मात्र कळल्यावर आठ दिवस जेवताना बोलला नाही. नणंद नाशिकहून आली ती रडतच, "आईला आमच्यात काय कमी पडलं?" सासूबाई मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कमी काही नाही गं. नऊ वाजले की तुम्ही आपापल्या खोलीत जाता, मग मी टीव्हीशी बोलते." नणंदेने पण मुकाट्याने मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. आणि २०१९ साली ती सून सासूचं लग्न लावून देते ती सिरीयल लागायची ना, तेव्हा हीच बाई रोज रात्री फोन करून पुढे काय होईल गं विचारायची. स्वतःच्या घरात आलं की एपिसोड वेगळा असतो.

तर लिहा. कागदपत्रं, रुसवेफुगवे, जेवण, काहीही. नुसतं "खूप छान, अभिनंदन" नको, ते सोसायटीच्या ग्रुपवर भरपूर झालंय.

आळंदीचा_वऱ्हाडी :

आमच्या बाबांनी पळून जाऊन लग्न केलं. वय ६४. मी आणि दादा "थोडं थांबूया, ताईच्या मुलीचं आधी जमू दे" असं करत दीड वर्ष ढकलत होतो, तर एका मंगळवारी मित्राकडे जातो म्हणून निघाले ते थेट आळंदी. घरच्यांचा विरोध असलेली विशीतली पोरं जिथे जातात तिथेच. सोबत तीन मित्र, त्यातल्या एकाला पेसमेकर. कार्यालयवाल्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "मुलगा-मुलगी मागून येतायत का?" बाबा म्हणाले, "मीच मुलगा." तरी त्याने वयाचा पुरावा मागितला म्हणे, सवयीने, एकवीस पूर्ण आहेत ना बघायला.

पेसमेकरवाल्या काकांना मंगलाष्टकं पाठ, त्यामुळे गुरुजींना थांबवून ते स्वतःच सुरू झाले आणि तिसऱ्या कडव्याला त्यांना दम लागला. सगळे खाली बसले. काकांना पाणी, मग गोळी, मग परत अंतरपाट. तोवर मुहूर्त कधीच गेला होता.

संध्याकाळी बेल वाजली, दारात दोघं, हातात पेढ्यांचा बॉक्स. बाबा म्हणाले, "घरात घेताय की मुलीच्या माहेरी जाऊ?" मुलीचं माहेर म्हणजे मावशींच्या (नवरीला आम्ही मावशी म्हणतो) मुलाचा वन बीएचके, त्यात त्यांची चार माणसं. माझ्या बायकोने धावपळ करून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पण माप काही सापडेना, शेवटी राइस कुकरसोबत येतो तो प्लास्टिकचा कप तांदूळ भरून उंबऱ्यावर ठेवला. मावशींनी तो इतक्या हळू पाय लावून लवंडला की तांदळाचे मोजून पाचसहा दाणे सांडले. नी रिप्लेसमेंट झालंय त्यांचं.

खारी_बटर :

तीन मित्र आणि त्यात पेसमेकर, वाचून चहा सांडला.

एक_जून :

वयाच्या पुराव्यावरून आठवलं. माझ्या आत्याचं लग्न आम्ही रजिस्टर केलं, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सांगते, आधी नोटीस द्यायची, ती ऑफिसच्या बोर्डावर लागते, तीस दिवसांत कुणी आक्षेप घेतला नाही तर मग लग्न, तीन साक्षीदार लागतात, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत उरकायचं नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. दोघांचेही जोडीदार वारलेले असले तर त्यांचे मृत्यूचे दाखले. आणि वयाला शाळा सोडल्याचा दाखला.

आत्या ६८ वर्षांची, शाळा वाईजवळच्या एका गावात. गाडी काढून गेलो. हेडमास्तर माझ्याहून लहान, त्यांनी जुनं रजिस्टर शोधून काढलं, आत्या तोवर वर्गात जाऊन खिडकीपाशी बसून आली. दाखला निघाला, जन्मतारीख १ जून. आता ज्यांच्या घरात त्या पिढीची माणसं आहेत त्यांना सांगायला नको, जूनमध्ये शाळा सुरू व्हायची आणि खरी तारीख घरात कुणालाच माहीत नसायची, मास्तर सरसकट एक जून टाकून मोकळे. नवरदेवांचा दाखला आला, १ जून. पहिल्या साक्षीदाराचं आधार, १ जून. क्लार्कबाईंनी चष्मा काढून आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एकाच बाळंतिणीचे का सगळे?"

तीस दिवसांत आक्षेप कुणाचा आला नाही. पण नवरदेवांच्या सोसायटीतले एक काका भाच्याच्या लग्नाचं काम घेऊन तिथे गेले होते, त्यांनी बोर्ड वाचला, आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही विंगला खबर. घरी सांगायचं रविवारी ठरलं होतं. मुलाला गुरुवारी लिफ्टमध्येच अभिनंदन मिळालं, त्याला वाटलं प्रमोशनचं, थँक्यू म्हणून मोकळा झाला.

परसातला_पेरू :

नोटीस नको असेल तर सरळ वैदिक पद्धतीने करा आणि हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवा. आमच्या काकांनी तेच केलं, काकांची सून म्हणाली बोर्डावर फोटो लागलेला मला चालणार नाही.

न्यूजर्सीकर :

बाबांचं लग्न मी तिकडून अटेंड केलं. मुहूर्त डिसेंबरात दुपारी १२:०५ चा, म्हणजे आमच्याकडे रात्रीचा १:३५. वर सिल्कचा कुर्ता, खाली झोपायची पँट, हातात अक्षता म्हणून बासमती. स्क्रीन अडकली ती नेमकी "सावधान" ला, मी तांदूळ लॅपटॉपवर टाकले आणि ते अजून कीबोर्डात आहेत.

खरं लिहितो, मी विरोधात होतो. बोलायचो आईच्या आठवणींबद्दल पण डोक्यात ठाण्याचा फ्लॅट होता. बाबांना ते न बोलता कळलं असणार, कारण लग्नाच्या महिनाभर आधी त्यांचा मेल आला, इच्छापत्राचा मसुदा. बायको आणि मुलं कायद्याने सारखेच वाटेकरी होतात म्हणून आत्ताच स्पष्ट लिहून ठेवतो, फ्लॅट माझ्या कमाईचा आहे, तो माझ्यामागे तुम्हा दोघा भावांचा, पण ती हयात असेपर्यंत तिथे राहील, तिला कुणी उठवायचं नाही. दोन साक्षीदारांची नावं पण घातलेली. शेवटी एक ओळ, "रेडिओ धाकट्याला, लहानपणी त्यानेच मोडला होता, आता दुरुस्त करून ऐकावा." मला लाज वाटली फार. आणि रागही आला, रेडिओ दादाने मोडला होता.

दोन_कुकर :

मी यातली नवरीच आहे. वय सांगत नाही, पण एक जूनवालीच.

माझ्या पहिल्या यजमानांच्या नोकरीची ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांची, पेन्शन मला यायची, महिना हजार रुपये आणि वर थोडी चिल्लर. विधवेने पुन्हा लग्न केलं की ती बंद होते. तर मुलगा म्हणाला आई लग्न कशाला, नुसतं एकत्र राहा, पुण्यात ज्येष्ठांचं लिव्ह इन मंडळसुद्धा आहे. बघा म्हणजे, हा कॉलेजात असताना एका मुलीचा लँडलाइनवर फोन आला होता तर मी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं, तो मला हे सांगतोय. तसं राहणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, ज्याची त्याची सोय. पण मला हळदीकुंकवाला जायचं होतं. बावीस वर्षं आमच्या मजल्यावरच्या बायका माझ्या दारासमोरून ताटं घेऊन जायच्या आणि माझं दार उघडं असलं की आवाज बारीक करायच्या. त्यांचं चुकलं असं नाही, त्यांनाही अवघडच व्हायचं. पण बावीस संक्रांती मोजा.

मग मीच बँकेत अर्ज घेऊन गेले, पेन्शन बंद करा. काउंटरवरच्या मुलीला वाटलं आजी हयातीचा दाखला द्यायला आल्यात, म्हणाली अहो तो नोव्हेंबरात. म्हटलं नाही गं, लग्न केलंय. ती उठून आतल्या साहेबांना बोलवायला गेली ती तीन माणसं घेऊन आली, काम एकाचंच होतं. आता दर एक तारखेला हे पाकिटात हजार रुपये घालून देतात, वर चिल्लर. नोव्हेंबरात म्हणतात दाखला दाखवा, मी चहाचा कप आदळते.

भांडण म्हणाल तर स्वयंपाकाचं. मी रत्नागिरीची, हे नागपूरचे. आमटीत गुळाचा खडा पडला की हे म्हणतात पुरणाचा कट आहे का. यांच्या भाजीला मला हुंदके येतात. शेवटी कुकर दोन, मिसळणाचे डबे दोन, त्यांच्या डब्यावर त्यांनी स्केचपेनने "जपून" लिहिलंय. भात मात्र एकच लावतो.

कडू_कारलं :

सगळे गोडच लिहितायत म्हणून. माझ्या मामाचं नऊ महिन्यांत मोडलं. मामा ७१, नवीन मामी साठीच्या, शाळेत शिक्षिका होत्या, अतिशय शांत. मोठं असं काही झालंच नाही. मारहाण नाही, पैशाचं नाही. मामाची सून त्यांना लॅचची किल्ली देईना, एवढंच. "तुम्ही घरीच तर असता, कशाला हवी" म्हणून. त्या भाजी घेऊन आल्या, देवळातून आल्या की बेल वाजवून उभ्या, आतून कुणीतरी सावकाश येणार. मी एकदा गेलो तेव्हा जिन्यात बसलेल्या दिसल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत दूध. म्हणाल्या, "आंघोळीला गेली असेल ती, येईल." मामा आतच होता, पेपर वाचत. त्याला बेल ऐकू आली नव्हती म्हणे, श्रवणयंत्र काढून ठेवलं होतं.

एक दिवस त्या देवळातून परस्पर बहिणीकडे गेल्या आणि आल्याच नाहीत. मामा अजून सुनेला बोल लावतो. मला विचाराल तर चूक मामाची. कोपऱ्यावरचा किल्लीवाला दहा मिनिटांत डुप्लिकेट करून देतो, एवढं उठून जायला काय झालं होतं याला.

परसातला_पेरू :

किल्लीचं वाचून गप्पच झाले.

वेलदोडा :

आमच्याकडे फोटोवरून भांडण होणार होतं. हॉलमध्ये आईचा हार घातलेला मोठा फोटो. आम्ही बहिणींनी ठरवलं, तो काढला तर आपण बोलायचं नाही पण आपल्या घरी घेऊन यायचा, गाडीत जुनी चादर पण टाकून ठेवली होती गुंडाळायला. बाबांच्या लग्नानंतर पहिल्या रविवारी गेलो तर फोटो जागेवर, हार नवीन, काच पुसलेली. आणि नव्या काकू (आई म्हणवत नाही, त्याही आग्रह करत नाहीत) फोटोसमोर उभ्या राहून सांगत होत्या, "बघा हो ताई, आजसुद्धा ओला टॉवेल गादीवर. तुम्ही चाळीस वर्षं काय केलंत?" बाबा बेडरूममधून ओरडले, "दोघी एकदम बोलू नका."

चादर आम्ही न बोलता परत आणली.

खारी_बटर :

मधली सून, उखाणा झाला की नाही ते राहिलंच सांगायचं.

मधली_सून :

झाला ना. नवरदेवांचा फोन कायम सायलेंटवर, लग्न ठरत असताना सासूबाईंनी दिवसाला दहा दहा मिस्ड कॉल दिलेत. तर पानात जिलबी वाढल्यावर सगळे मागे लागले, त्यांनी आधी नाही नाही केलं आणि मग घेतला :

सकाळी एक गोळी, रात्री गोळ्या दोन,
(नाव गाळलंय)रावांचं नाव घेते, आता तरी उचला माझा फोन!

नवरा तेव्हा पहिल्यांदा हसला. आठ दिवस न बोललेला माणूस, हसताना ठसका लागला, पाठ मीच थोपटली.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. रात्री साडेदहाला नणंदेचा फोन, घाबरलेली, आई उचलत नाहीये, काकाही उचलत नाहीत, तू आत्ताच्या आत्ता जाऊन बघ. आम्ही दोघं रात्रीच्या कपड्यांवर स्कूटरवरून गेलो, घराला कुलूप, शेजाऱ्यांनाही पत्ता नाही. नवरा वॉचमनशी भांडायला लागला. तेवढ्यात गेटातून दोघं चालत आली, नाटक बघून, हातात कुल्फीच्या काड्या. फोन कुठेत विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "घरीच आहेत की, चार्जिंगला लावलेत शेजारी शेजारी." आणि मग आमच्या दोघांच्या अवताराकडे बघून, "तुम्ही इतक्या रात्री कुठे निघालात रे?"