छताच्या पंख्याचा घूं घूं आवाज आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर

प्रश्न (निपाणी)
आमच्या माजघरातील ४८ इंची पंख्याचा खोक्यासारखा जुना रेग्युलेटर फार तापू लागल्याने गेल्या महिन्यात मी गोल बटणाचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवून घेतला. पूर्ण वेगावर पंखा उत्तम चालतो. परंतु रात्री वेग निम्म्यावर आणला की सतत घूं असा आवाज येतो आणि पहाटे आई सांगली आकाशवाणी लावते तेव्हा रेडिओत खरखर होते. पंखा बंद करताच खरखर थांबते. दोष पंख्यात आहे की रेग्युलेटरमध्ये, आणि वेग कमी ठेवल्याने वीज खरोखरच वाचते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (शहापूर, बेळगाव)
मोटार रिवाइंडिंगच्या कामात बरीच वर्षे काढल्यामुळे हा आवाज माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. आपल्या रेग्युलेटरमध्ये ट्रायॅक, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग, आहे. विजेच्या लाटेचे दर सेकंदाला १०० अर्धे भाग येतात. ट्रायॅक त्या प्रत्येक भागाचा सुरुवातीचा तुकडा अडवतो आणि उरलेलाच पंख्याकडे सोडतो, त्यामुळे लाट गुळगुळीत न राहता तुटक होते, मोटारीच्या आतल्या पत्र्याच्या चकत्या थरथरतात आणि त्याच झटक्यांचा उपद्रव मीडियम वेव्हच्या रेडिओला होतो. पूर्ण वेगावर जवळजवळ सगळी लाट जात असल्याने तेथे आवाज येत नाही. म्हणजे आपला पंखा ठीक आहे.

आपण कपॅसिटरचा (वीज क्षणभर साठवून सोडणाऱ्या भागाचा), टक टक करीत पायऱ्यांनी फिरणारा रेग्युलेटर घ्यावा. त्यात पंख्याच्या वाटेत कपॅसिटर येऊन व्होल्टेज कमी होते, पण लाट तुटत नाही. विजेचे म्हणाल तर साधा पंखा पूर्ण वेगावर ७० ते ८० वॅट घेतो; कमी वेगावर जुन्या खोक्यात वीज तारेच्या उष्णतेत वाया जात असे, कपॅसिटरमध्ये ती जवळजवळ जात नाही, म्हणून बचत खरी आहे. काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर (खानापूर तालुका)
वरील सल्ला योग्यच आहे, मात्र आमच्या गावी संध्याकाळी व्होल्टेज उतरते तेव्हा पहिल्या पायरीवर पाती जागची हलत नाहीत. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे व्होल्टेज निम्मे झाले तर जोर चौथाईवर येतो. अशा वेळी पंखा पाचवर, म्हणजे सर्वांत जास्त वेगाच्या पायरीवर, सुरू करावा आणि वेग धरल्यावर खाली आणावा. पूर्ण वेगावरही पंखा मंद असेल, तर पंख्याचाच, साधारणपणे २.५ मायक्रोफॅरडचा, कपॅसिटर तपासून घ्यावा. पुष्कळदा तोच क्षीण झालेला असतो आणि लोक विनाकारण रेग्युलेटर बदलतात. पुढे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा) पंखा घेतलात तर त्याला कोणताही रेग्युलेटर लावू नये, कारण वेग सांभाळणारे सर्किट त्याच्या आतच असते.

प्रश्नकर्ता (निपाणी)
दोघांचे मनःपूर्वक आभार. काल पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवला. रात्री दोनवर पंखा चालू असताना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि आज पहाटे आईने पंखा बंद न करता रेडिओ लावला.